गुडघ्याएवढे चोर

"काही बंद करू नकोस हं. मी आल्यावर सांगतो."

बाथरूमच्या दाराबाहेरून एवढं बोलून किल्लीवाला कामाला निघून गेला. आत औषधवाल्याच्या डोक्यावर शॅम्पूचा फेस होता, पण कान मोकळे होते. शब्द न् शब्द नीट ऐकू आला आणि तिथल्या तिथे त्याचं टाळकं सरकलं.

रात्री एवढं भांडण झालं होतं. सकाळी माणसाने काय बोलावं? 'चुकलो' म्हणावं. 'चहा झाकून ठेवलाय' म्हणावं. अगदीच काही सुचलं नाही तर गप्प बसावं. हा काय सांगतो, तर म्हणे काही बंद करू नकोस.

किल्लीवाल्याची ही खोड जुनीच. दिवसभर लोकांची कुलपं दुरुस्त करून घरी आला की काही लावायचं म्हणून त्याच्या हाताला ठाऊक नसे. कपाट उघडलं की उघडंच, खण ओढला की ओढलेलाच, बाटली एकीकडे आणि झाकण तिसरीकडे. "बंद करायचं काम दुकानात करतोच की," तो म्हणे, "घरी तरी जरा वारा लागू दे." औषधवाला नेमका दुसऱ्या टोकाचा. त्याच्या औषधांच्या दुकानात भिंतभर खण होते आणि त्यातला एखादा बोटभर उघडा दिसला तरी त्याला घास गोड लागत नसे. तेव्हा एकाने उघडत पुढे जायचं आणि दुसऱ्याने लावत मागून यायचं, असा दोघांचा संसार बरीच वर्षं बिनबोभाट चालला होता.

कालचं भांडण मात्र खणांवरून नव्हतं. मुलावरून होतं. आणि मूल अजून नव्हतंच, हाच तर भांडणाचा मुद्दा होता.

औषधवाल्याला मूल हवं होतं. दुकानात कुणी बाळाच्या तापाचं औषध न्यायला आलं की चमच्याचं माप समजावून सांगता सांगता तो बाळाचं वजन, झोप, दात किती आले, इथपर्यंत पोचायचा आणि मागे रांग खोळंबायची. घरी येऊन ते सगळं किल्लीवाल्याला सांगायचा. किल्लीवाला ऐकायचा, हसायचा आणि म्हणायचा, "बघू." गेलं वर्षभर तो बघूच म्हणत होता. आता 'बघू' म्हणजे काय, हे शहाण्याला सांगायला नको. ज्याला तोंडावर नाही म्हणवत नाही, तो बघू म्हणतो.

शेवटी औषधवाल्यानेच पुढाकार घेतला. मुलं दत्तक देणारी एक संस्था होती. ज्यांचा अजून नुसता विचार चाललाय, अशा जोडप्यांनाही तिथे भेटायला बोलवत. त्याने आज दुपारची वेळ घेऊन टाकली, दुकानातून सुट्टी काढली आणि रात्री जेवताना सांगितलं, "उद्या तू आलास तर मी समजेन की तुलाही हवंय. नाही आलास तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. कधीच नाही."

किल्लीवाला बराच वेळ मिठाच्या बरणीकडे बघत बसला. बरणी अर्थातच उघडी होती. मग म्हणाला, "सकाळी बँकेत काम आहे. तिकडून परस्पर येतो बहुतेक."

बहुतेक म्हणजे बघूचा धाकटा भाऊ. औषधवाल्याने बरणीला झाकण लावलं, ताट उचललं आणि तो सरळ झोपायला गेला.

तर असा हा माणूस सकाळी टॉवेल गुंडाळून बाथरूमबाहेर आला आणि बघतो तो काय, घरात आज अगदी कहर होता. एरवी चार-दोन खण उघडे असायचे. आज झाडून सगळे उघडे. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची कपाटं उघडी, बुटांचं कपाट उघडं, पलंगाशेजारचा खण उघडा, कपड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं आ वासलेली. जणू घराचा डॉक्टर येणार होता आणि घर जीभ दाखवून बसलं होतं.

"थांब," औषधवाला रिकाम्या घराला म्हणाला, "एकूण एक बंद करतो."

आधी घर आवरायचं, मग अंगावर कपडे चढवायचे, ही त्याची रोजची शिस्त. त्याने धुवायचे सगळे कपडे मशीनमध्ये कोंबले आणि मशीन चालू केलं. स्वयंपाकघरात फ्रीजच्या दारावर एक लाल गोल चकती वाकडी चिकटलेली दिसली. फ्रीजवर काहीबाही चिकटवलेलं त्याला खपत नसे. ती ओढून त्याने चमच्यांच्या खणात टाकली आणि खण ढकलला. टक् असा आवाज झाला. तो आवाज कानाला बरा वाटला. मग ओट्याखालची कपाटं. टक्. बुटांचं कपाट. टक्. मोबाइल हातात घेऊन बघितला, किल्लीवाल्याचा काहीही निरोप नव्हता. सारखं बघायला नको म्हणून मोबाइल पलंगाशेजारच्या खणात फेकला आणि खण लावला. शेवटी कपड्यांच्या कपाटाची दारं, अगदी नाकावर टिच्चून. टक्, टक्.

समाधानाचा एक श्वास घेऊन त्याने पँट काढायला कपाट ओढलं. कपाट उघडेना.

दोन्ही हातांनी ओढलं. एक पाय दाराला लावून ओढलं. टॉवेल सुटला, कपाट सुटलं नाही. टॉवेल परत बांधून तो मोबाइल घ्यायला गेला, तर तोही खण अडलेला. फट जरा उचकावी म्हणून सुरी आणायला गेला. सुऱ्या चमच्यांच्या खणात होत्या आणि तो खण ढिम्म. पेचकस ओट्याखाली. ओट्याखालचं कपाट तर जणू भिंतीत चिणलेलं. मशीनमधले कपडे एव्हाना साबणाच्या पाण्यात गरगरत होते. औषधवाला टॉवेलनिशी घराच्या मधोमध उभा राहिला आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

हा डाव होता. संस्थेत जाता येऊ नये म्हणून केलेला. कुलपांतला माणूस, त्याला काय अवघड? लोक सरळ नाही म्हणतात, फार तर चिठ्ठी ठेवतात. या माणसाने मला उघडं पाडून नाही म्हटलंय. वर 'काही बंद करू नकोस' असंही म्हणून गेला, म्हणजे मी हटकून बंद करणार, हे त्याला पक्कं ठाऊक. राग असता तर बरं झालं असतं, पण औषधवाल्याला नुसतं वाईट वाटत होतं.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात किल्लीवाल्याची आई. ती आठवड्यातून एकदा लेकाच्या घरावर नजर टाकून जायची. औषधवाल्यावर तिची माया होती, पण त्याला नात्यात कुठे बसवायचं हे तिने अजून ठरवलं नव्हतं. कौतुक करायचं असलं की तो जावई असायचा आणि काम सांगायचं असलं की सून.

"काय जावईबापू," तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, "या वेळेला टॉवेलवर?"

"आई, कपाट उघडत नाही."

"कुठलं?"

"सगळीच."

सासूबाईंनी पर्स ठेवली आणि पदर खोचावा तशा बाह्या सारल्या. एक खण ओढला, दुसरा ओढला, कपाटाला एक धपाटा घातला. "माझा मुलगा गावाची कुलपं उघडतो आणि त्याच्याच घरात ही तऱ्हा," त्या म्हणाल्या. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लाव त्याला फोन."

"फोन खणात आहे."

त्यांनी आपल्या मोबाइलवरून लावला. बंद. बँकेत तिजोरीच्या खोलीत शिरण्याआधी मोबाइल बाहेर ठेवायला लावतात, हे औषधवाल्याने सांगितलं.

"मग मास्टरला बोलावते."

औषधवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. मास्टर म्हणजे पलीकडच्या गल्लीतला किल्लीवाला. ही पदवी त्याला कुणी दिली नव्हती, त्यानेच घेतली होती. दोघांचं गिऱ्हाईक एकच, रस्ता एकच, आणि त्यामुळे बोलणं बंद. समोरासमोर आले की दोघंही एकदम आभाळाकडे बघत.

"आई, मास्टर नको. यांच्या घरी कुलूप उघडायला गेलो होतो, हे तो मरेपर्यंत सांगत फिरेल."

"तुला पँट हवी की अब्रू?"

औषधवाल्याने विचार केला. दोन्ही एकाच कपाटात होत्या.

मास्टर इतक्या झटपट आला की तो जिन्यातच उभा होता की काय, अशी शंका यावी. उंबऱ्यावर थांबून त्याने दारावरची पाटी सावकाश वाचली. मग पुन्हा वाचली.

"मी बरोबर घरी आलोय ना?" त्याने विचारलं.

"आत या आणि काम करा," सासूबाई म्हणाल्या.

मास्टरने पिशवी ठेवली, चष्मा चढवला आणि कपाटासमोर उकिडवा बसला. वरून बघितलं, खालून बघितलं, कान लावला. त्याचा आनंद हळूहळू मावळत गेला.

"भोक कुठाय?"

"कसलं?" औषधवाला म्हणाला.

"किल्लीचं. किल्लीला भोक नको? भोक नसलेलं कुलूप म्हणजे काय, मनातल्या मनात उघडायचं?" त्याने फटीतून पातळ पट्टी घालून बघितली. पट्टी अडकली. "आतून कसली तरी कडी धरून ठेवतेय. बाहेरून स्क्रू नाही, बिजागरी आत. पहार लावतो."

"ओरखडा पडला तर याद राखा," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाचं काम आहे ते."

"म्हणूनच तर विचारतोय." मास्टरने दारावरून हात फिरवला आणि चेहरा आंबट झाला. "चांगलं केलंय," तो पुटपुटला आणि आपण हे मोठ्याने बोललो, याचा त्यालाच पस्तावा झाला.

सासूबाई म्हणाल्या, "मी चहा टाकते तोवर." आणि सवयीने ओट्यावरचं कपाट उघडलं. ते बिनतक्रार उघडलं. आत कप, साखर, चहा, सगळं जागच्या जागी. त्यांनी शेजारचं उघडलं. तेही उघडलं. मग त्या घरभर फिरल्या. पलंगावरचं कपाट, न्हाणीघरातलं आरशामागचं, बैठकीतली वरची काचेची दारं. वरचं सगळं उघडत होतं, खालचं सगळं अडलेलं.

"या पोराला झालंय तरी काय?" कंबरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "बायका दागिने वर ठेवतात, तर यानं वरचं मोकळं सोडून खालचं बंद केलं. चोर काय गुडघ्याएवढे येणार आहेत?"

मास्टर फसकन हसला. औषधवाला हसला नाही.

तो टॉवेल सावरत हळूच खाली बसला. आधी गुडघ्यांवर, मग एका हाताने टॉवेल धरून तीन पायांवर. या घरात इतकी वर्षं राहून तो एवढा खाली कधी आलाच नव्हता. खाली एक वेगळंच घर होतं. जेवणाच्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना खालच्या अंगाने मऊ रबर बसवलं होतं. भिंतीतल्या विजेच्या भोकांना झाकणं होती. दिव्याची लोंबती वायर भिंतीलगत खिळून टाकली होती. सोफ्याखाली किल्लीवाल्याचा स्प्रिंगांचा आणि बारीक खिळ्यांचा डबा असायचा, तो तिथे नव्हता. मान वर करून बघितलं तर माळ्यावर, अगदी मागे, दोरीने बांधून ठेवलेला.

औषधवाला रोज दुकानात सांगायचा, "झाकण आधी दाबा आणि मग फिरवा. मुलांनी उघडू नये म्हणून असतं ते." दिवसातून कितीतरी वेळा सांगायचा. आणि स्वतःच्या घरात त्याला पँट मिळेपर्यंत कळलं नव्हतं. खरं तर पँट अजूनही मिळाली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. टॉवेलमुळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"काय झालं रे? कंबर धरली का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, चोर नाही," औषधवाला जमिनीवरूनच म्हणाला. "मूल."

"कुणाचं?"

"आमचं. म्हणजे अजून नाही. आज दुपारी विचारायला जायचं होतं. दत्तक. मला वाटत होतं त्याला नकोय. वर्षभर नुसतं बघू म्हणत होता. आणि इकडे हे करत बसला होता."

चहा उकळून वर आला. मास्टरने उठून गॅस बंद केला, कारण दुसरं कुणी जागचं हलेना. सासूबाई खुर्चीवर टेकल्या.

"मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"आमचंच नक्की नव्हतं आई."

"त्याचं बरंच नक्की दिसतंय." त्यांनी टेबलाचं रबर बोटाने दाबून बघितलं. "हा लहानपणीही असाच. रुसला की बोलायचा नाही, गुपचूप माझी मोडकी छत्री दुरुस्त करून ठेवायचा." मग त्यांनी विचारलं, "मूल तुम्हा दोघांना काय म्हणणार?"

"दोघांनाही बाबा."

"म्हणजे एक हाक मारली की दोघं येणार." त्यांनी यावर विचार केला. "चांगलंय. आमच्याकडे एकच होता, आणि तोही हाक मारून यायचा नाही."

"किती वाजता जायचंय तिकडे?" मास्टरने विचारलं.

घड्याळाकडे बघून औषधवाला ताडकन उठला. आता किल्लीवाला बँकेतून परस्पर संस्थेत पोचणार. तिथे औषधवाला नाही. सकाळी एक अक्षर बोलला नव्हता, म्हणजे तो समजणार की यानेच आता नाद सोडला. फोन करावा तर किल्लीवाल्याचा बंद आणि आपला खणात. वर्षभर ज्याची वाट बघितली तो 'हो' आज दाराशी येणार आणि दाराला कुलूप बघून परत जाणार. औषधवाल्याने घरभर नजर फिरवली. मशीनमधले कपडे ओलेचिंब. सासूबाईंची शाल गुडघ्यापर्यंतही येईना. उरला दारामागच्या खुंटीवर लटकलेला किल्लीवाल्याचा कामाचा निळा बॉयलर सूट.

किल्लीवाला बुटका आणि रुंद, औषधवाला उंच आणि किडकिडीत. सूट पोटऱ्यांवरच संपला आणि पोटापाशी आणखी एक माणूस मावेल इतका सैल राहिला. पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कुलूप अडलं? काळजी सोडा.' बूट बंद कपाटात, म्हणून पायात न्हाणीघरातल्या सपाता.

"छान दिसतोस," सासूबाई अजिबात न हसता म्हणाल्या. "जा आता."

"मी सोडतो गाडीने," मास्टर म्हणाला. "पण मी तुमच्या माणसासाठी काही केलं, हे बाहेर कळता कामा नये."

"तुम्हीही टॉवेलचं बोलू नका."

"टॉवेल? कुठला टॉवेल?" मास्टर म्हणाला. दोघांनी हात मिळवले.

संस्थेच्या दारात एक बाई कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. औषधवाल्याची पाठ त्यांना आधी दिसली, कारण तो मास्टरला हात करत होता.

"आलात एकदाचे," बाई म्हणाल्या. "सकाळपासून वाट बघतेय. या, इकडे आहे."

"नाही, मी त्यासाठी नाही..."

"तिथे, खिडकीजवळ. खेळण्यांचं कपाट. दार अडलंय आणि मला आता एक जोडपं भेटायला येतंय. ते येईपर्यंत होईल ना?"

औषधवाला आयुष्यभर काउंटरमागे उभा राहिलेला माणूस. समोरच्याने घाईत काही सांगितलं की ते आधी ऐकायचं आणि मग बोलायचं, ही सवय हाडात मुरलेली. तो बोलणार तेवढ्यात बाईंना कुणीतरी हाक मारली. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून तो खिडकीकडे तोंड असलेल्या त्या कपाटाच्या पलीकडे जाऊन बसला आणि दार उगाच जरा हलवून बघू लागला. आज दिवसभर दुसरं काय केलं होतं?

पावलं वाजली. बाई परत आल्या, आणि त्यांच्याबरोबर आणखी कुणीतरी. खुर्ची सरकली.

"तुमचे जोडीदार?" बाईंनी विचारलं.

"तो आलेला दिसत नाही," किल्लीवाल्याचा आवाज आला.

औषधवाला कपाटाच्या आड होता तिथेच थिजला.

"त्याचं बरोबर आहे," किल्लीवाला म्हणाला. "मीच वर्षभर बघू बघू करत बसलो. कुणाचाही धीर सुटेल."

"तुम्हाला मूल नको होतं का?"

"हवं होतं. त्याच्याइतकंच हवं होतं." तो थांबला. "पण बाई, मी सगळं उघडं टाकणारा माणूस. सुरी, हातोडी, ॲसिडची बाटली, काहीही. तो मागून लावत येतो म्हणून चालतं. तो दुकानात असला आणि माझ्या हातून एखादं स्प्रिंग खाली पडून बाळाच्या तोंडात गेलं तर? मला मुलाची भीती नव्हती, माझी होती. म्हटलं, आधी घरच असं करू की मी किती का विसरेना, लहान हाताला काही उघडायचं नाही. मग छाती काढून हो म्हणू. त्याची दुकानाची उशिराची पाळी असली की एकेक कडी बसवायचो. काल भांडण झालं तेव्हा एकच राहिली होती. तीही बसवली आणि सगळ्या चालू केल्या."

"आणि हे त्यांना सांगितलं?"

"सांगितलं ना. सकाळी म्हटलं, काही बंद करू नकोस, मी आल्यावर सांगतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"याला सांगणं म्हणतात का हो?" बाईंनी विचारलं.

औषधवाल्याला आता राहवेना. तो झटक्यात उठला आणि त्याचं डोकं कपाटाच्या पुढे आलेल्या वरच्या कडेवर असं आपटलं की खोली दणाणली. सकाळपासून अडलेलं दार फाटकन उघडलं आणि आतले चेंडू, लाकडी ठोकळे, कापडी प्राणी आणि एक खुळखुळा जमिनीवर चौफेर पसरले.

"वरून ठोकावं लागतं याला," किल्लीवाला सवयीने म्हणाला. मग त्याने मान वळवली. "हा माझा सूट आहे."

"आणि तो माझा कोट आहे," औषधवाला डोकं चोळत म्हणाला. खरंच होता. त्याचा सणावारी, लग्नाकार्याला घालायचा करडा कोट किल्लीवाल्याच्या खांद्यांवर ताणून शिवणीला आला होता आणि बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या. तो घालून हा बँकेच्या तिजोरीखाली पडून काम करून आला होता.

"म्हटलं, आज जरा बरं दिसावं," किल्लीवाला म्हणाला. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. "तू सगळं बंद केलंस?"

"एकूण एक."

"नको म्हटलं होतं ना मी?"

"म्हणूनच केलं."

"पण किल्ली फ्रीजवर लावली होती की. लाल, गोल. चुंबक आहे तो. बाहेरून टेकवला की कडी सुटते."

"ती मी खणात ठेवली," औषधवाला म्हणाला. "वाकडी दिसत होती."

किल्लीवाला हसायला लागला. मग औषधवालाही हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. किल्लीवाल्याने लांब बाहीने त्याचे डोळे पुसले. कोट औषधवाल्याचाच होता, त्यामुळे त्याने हरकत घेतली नाही.

बाईंनी पायाशी आलेला चेंडू उचलून टेबलावर ठेवला. "तुमच्यातला औषधवाला कोण आणि किल्लीवाला कोण, ते मला लिहून घ्यायचंय," त्या म्हणाल्या, "पण आधी कपाटाबद्दल आभार." पुढे त्यांनी सगळं शांतपणे समजावलं. वेळ लागेल, प्रश्न विचारले जातील, धीर धरावा लागेल. "आणि आम्हाला घर बघायला यावं लागेल. पुढच्या आठवड्यात चालेल?"

औषधवाला इतके दिवस ज्यासाठी भांडला, ते आता वार ठरवून घरी येऊ म्हणत होतं. त्याच्या तोंडून 'बघू' निघता निघता राहिलं.

"चालेल," किल्लीवाला म्हणाला. ना बघू, ना बहुतेक. "अवश्य या. आमच्या घरातला एकही खण मुलाला उघडायचा नाही."

"मोठ्यांनाही नाही," औषधवाल्याने खरं ते सांगून टाकलं.

घरी आले तेव्हा सासूबाई आणि मास्टर समोरासमोर बसून चहा पीत होते. किती वेळ पीत होते कुणास ठाऊक, पण मास्टर त्यांना ताई म्हणायला लागला होता. दोन्ही किल्लीवाले एकमेकांसमोर आले आणि सवयीने दोघांनीही आभाळाकडे बघितलं. तिथे छत होतं.

"काम चांगलंय," मास्टर छताला म्हणाला.

"चहा घेतला का?" किल्लीवाल्याने छताला विचारलं. इतकं पुरलं.

मग सासूबाईंनी लेकाचा कान धरला. "मला सांगायचं नव्हतं होय रे? जावयाला माझ्यापुढे टॉवेलवर उभं करेपर्यंत?" कान सोडून त्यांनी त्याच हाताने त्याच्या गालावरून हात फिरवला. "चल, दाखव आता कशी चालते ती तुझी कडी."

किल्लीवाल्याच्या पिशवीत दुसरा चुंबक होता. तो पुढे झाला. चुंबक कपड्यांच्या कपाटाला टेकवला, टक् झालं आणि दार अलगद उघडलं. मास्टर जवळ येऊन टक लावून बघत होता. किल्लीवाल्याने चुंबक आतल्या फळीवर ठेवला, शर्टांच्या चळतीतून एक इस्त्रीचा शर्ट काढला आणि औषधवाल्याच्या हातात दिला.

दार उघडंच राहिलं. सगळ्यांचं तिकडे लक्ष गेलं. औषधवाल्याचा हात आपोआप पुढे झाला, पण सासूबाईंनी तो धरला.

"थांब. त्याला करू दे. घरात मूल यायचंय आता."

किल्लीवाल्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं. शाळेत बक्षीस घ्यायला निघालेल्या मुलासारखा तो पुढे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न ओरडता, स्वतःच्या हाताने कपाटाचं दार लावलं. टक्.

मास्टरने टाळी वाजवली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावावा तशी शाल लावली. औषधवाल्याला इतका आनंद झाला की हातात नुसता शर्टच आहे, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

"पँट?" त्याने विचारलं.

किल्लीवाल्याने कपाटाकडे बघितलं. "आत."

"आणि चुंबक?"

"तोही आत."

मास्टर पिशवीची चेन उघडू लागला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या आणि कपात आणखी चहा ओतला. "मूल आलं की तेच उघडेल."